गुलबाईसाहेबांच्या नकाराची हकीकत

श्री. जो देव सर्वांचें ऐकतो त्यास, आणि जो ऐकूनही उत्तर देत नाहीं त्यासही नमस्कार करून लिहितों ऐसें जे: शके सोळाशें आणि वर कांहीं, पुढील अंक उंदरांनी खाल्ला, तो कां खाल्ला हें पुढें येईल, महिना मात्र चैत्र खास. ते समयीं एका राज्यीं, ज्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं, महाराजांचे पदरीं गुलबाईसाहेब म्हणून एक मांजर होती. तिचा मान ऐसा कीं दरबारीं उजवे हातीं तिची गादी, आणि कोणाचा अर्ज वाचला कीं सर्वांनी आधीं तिजकडे पाहावें. साहेब स्वस्थ बसल्या तर मंजूर, मान झाडली तर नामंजूर. ही रीत कोणी घातली तें कोणास ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नव्हतें म्हणूनच कोणी मोडीत नसे. आणि दुसरा कायदा ऐसा कीं साहेबांस कोणी आडवें जाऊं नये, गेल्यास कैद.

तों बिरोजी धनगर सुटल्या मेंढीमागें धांवतां साहेबांस आडवा गेला आणि धरला गेला. मग त्याची बायको हौसाई अर्ज घेऊन आली, आणि साहेबांनी मान झाडली. पुन्हा आली, पुन्हा झाडली. तिसरा नकार येतांच कैदी जन्मभर डोंगरी किल्ल्यावर, ऐसा ठराव. आणि चमत्कार असा जाहला कीं त्या पंधरवड्यांत साहेब सर्वांसच नकार देऊं लागल्या: तळ्याचा बांध नको, राजकन्येचें लग्न नको, महाराजांनी जेवावयास उठावें काय, तेंही नको. मग महाराज उपाशी बसले आणि त्यांजबरोबर कारभारी रंगोपंतही बसले, आणि कोणास कांहीं उमगेना. कोणी म्हणे ग्रह फिरले, कोणी म्हणे साहेब रुसल्या. आणि साहेब दिवसभर मागल्या पायानें कान खाजवीत राहिल्या म्हणून दफ्तरखान्यांत उंदीर मोकळे जाहले.

तिसरे खेपेस हौसाई अर्ज न वाचवितां थेट गादीपाशीं गेली, वाकून पाहिलें आणि म्हणाली, "म्हाराज, ही न्हाई म्हनत न्हाई. हिचा कान खाजतुया."

रंगोपंत गरजले, "अगे, जपून बोल! साहेबांचे मनांतलें तुला काय कळतें?"

"मनातलं ऱ्हाऊ द्या, कानातलं बगा की! तपकिरीवानी काळं भरलंय, बारीक किडं झाल्यात. पटत न्हाई? इचारा तिला, दूध पायजे का."

मग पंतांनी हात जोडून विचारलें, "साहेब दूध घेणार?" साहेबांनी मान झाडली. मुनशीनें नामंजूर लिहिलें. हौसाईनें वाटी पुढें सरकविली, आणि साहेबांनी ती चाटून लख्ख केली. महाराज वाटीकडे पाहत आणि मग कागदाकडे पाहत, आणि खरें कोणतें हें त्यांस ठरेना.

इतक्यांत धुंडीशास्त्री वैद्य रुप्याची काडी घेऊन धांवले. हौसाईनें त्यांचा हात धरला. "शास्त्रीबुवा, काडी आत गेली तर पडदा फाटंल. कोमट तेलाचं दोन थेंब सोडा, कानाचं बूड हळू चोळा, मंग तिला झाडू द्या, आन् वर आलेला मळ तेवढा मऊ फडक्यानं टिपा. दुसरा कानबी इसरू नगा."

तैसें केलें, आणि साहेबांनी मान ऐसी झाडली कीं तेल महाराजांचे मिशीवर उडालें, आणि रंगोपंत ओरडले, "नामंजूर!"

"पंत, गप्प बसा," महाराज बोलले, "आणि पानें वाढावयास सांगा."

बिरोजीची रवानगी तहकूब जाहली. एकवीस दिवस हौसाई येत गेली आणि कान निर्मळ जाहले. मग बिरोजीस बेड्यांसह उभा केला, अर्ज वाचला, आणि सर्वांनी साहेबांकडे पाहिलें. साहेबांनी मान झाडली नाहीं. परंतु स्वस्थही बसल्या नाहींत. दफ्तरखान्याकडे कांहीं खुडबुडलें, आणि साहेब उठून बिरोजीचे अगदी पुढून आडव्या निघून गेल्या.

रंगोपंत पुढें धांवले. "महाराज, आतां आडवें कोण गेलें? कैद कोणास?"

महाराजांनी पुष्कळ वेळ विचार केला, आणि समजलें कांहींच नाहीं. म्हणाले, "दोघांसही माफी. बेड्या काढा."

एवंच, त्या राज्यीं अद्यापि प्रातःकाळीं आधीं साहेबांचे कान पाहतात आणि मग दरबार भरवितात. उंदीर सांपडला, अंक सांपडला नाहीं.