आई आहे की उदबत्ती?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वॉचमन हेल्मेट घालून बसतो. चोरांच्या भीतीने नव्हे, तिसऱ्या मजल्यावरच्या नलूमावशीच्या भीतीने. कादंबरीतली आई खोकू लागली की मावशी ते पुस्तक सरळ खिडकीतून खाली फेकते. आजवर दोन कबुतरं त्या माराने कायमची साहित्यविमुख झाली आहेत. धप्प आवाज आला की वॉचमन पुस्तक उचलतो, धूळ झटकतो आणि वर बघून ओरडतो, "आंटी, माँ फिर मर गई क्या?"

"अजून नाही रे! पण लक्षणं दिसतायत!"

नलूमावशी परब मूळची मालवणची. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, तीही बहुतेक संध्याकाळच्या पाळीत. ऑफिसच्या कॅरममध्ये तिने इतक्या पुरुषांना रडवलं, की काहींनी म्हणे बदली मागून घेतली. घरात पापलेटचा मधला तुकडा तिचा. उरलेल्या माशावर नवऱ्याने आणि मुलीने आपसात समझोता करायचा. पुढे नवरा गेला, मुलगी सुधा लग्न होऊन बोरिवलीला गेली. आता अख्खं पापलेट मावशीचंच असतं.

आमच्याकडे बायकांची पुस्तक-भिशी आहे. दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि जिचं नाव येईल तिच्या पसंतीची कादंबरी सगळ्यांनी मिळून ऐकायची. मी पुरुष असूनही मला तिथे प्रवेश आहे, कारण निम्म्या सभासदांचे मोतीबिंदू पिकलेत आणि माझा आवाज भांडुपपर्यंत जातो. मी वाचायचं आणि मावशीने अडवायचं.

"थांब! ही बाई सकाळपासून सगळ्यांना वाढतेय. स्वतः जेवली कधी?"

"मावशी, लेखकाने लिहिलेलं नाही."

"नाहीच लिहिणार! आई आहे की उदबत्ती? नुसती जळतेय आणि घरभर वास!"

एकदा एका कादंबरीतली आई चुलीच्या धुराने डोळे पुसत होती. मावशीने मला तीन पानं मागे न्यायला लावलं. "बघ, इथे म्हटलंय, ही बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहते. घरात पाइपचा गॅस असणार. चूल आली कुठून? आणि फायर ब्रिगेड काय झोपली होती?" शिवणाऱ्या आयांवर तर तिचा विशेष राग. "सगळ्या मेल्या मशीनवर बसलेल्या! मला साधं बटण लावता येत नाही. मग मी काय सुधाची आत्या?"

अशात बातमी आली की सुधाने कादंबरी लिहिली आणि ती छापूनही आली. मावशीने लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, अगदी पाण्याच्या टँकरवाल्यालासुद्धा सांगितलं, "आता बघा आई! मासे खाईल, कॅरम खेळेल, चारचौघांत जोरात हसेल. माझी पोर लिहितेय, काय समजलात?" त्या महिन्याची चिठ्ठी दुसऱ्याच बाईच्या नावाने निघाली होती, पण मावशीने ती सरबतात बुडवली आणि सुधाचं पुस्तक माझ्या हातात दिलं.

मी सुरुवात केली. पहिल्याच पानावर आई दारात उभी. मुलगी शाळेतून येते आणि तिचा हात बेलपर्यंत जायच्या आत दार उघडतं. "आलीस? हातपाय धू," आई म्हणते आणि पुढ्यात वाफाळती तांदळाची उकड ठेवते. दुसऱ्या पानावर ती पदराने मुलीचं तोंड पुसते. तिसऱ्या पानावर ती खोकली.

एका बाईने उठून खिडकी लावून घेतली. सगळ्यांचे डोळे मावशीकडे. ती हललीसुद्धा नाही.

"वाच ना. थांबलास कशाला?"

प्रकरण संपेपर्यंत तिने एकदाही अडवलं नाही. भिशीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. बायका गेल्यावर ती पेले गोळा करता करता म्हणाली, "सुधा शाळेतून यायची तेव्हा मी कामावर. शेजारून किल्ली घ्यायची, कुलूप उघडायची, डब्यातलं काय असेल ते खायची. कधी कुरकुर नाही केली रे पोरीनं. मला वाटायचं, झकास चाललंय."

"मावशी, कादंबरी आहे ती. खरी थोडीच असते?"

"खरी नाही ते मला कळतं, मेल्या. म्हणून तर विचारतेय. तिला अशी हवी होती काय रे?"

मी तिच्या हातातले पेले घेतले आणि विसळायला लागलो.

दोन दिवसांनी मावशीने मला रिक्षात कोंबलं. मुलुंडहून बोरिवली म्हणजे ट्रॅफिकमध्ये एक जाडजूड कादंबरी वाचून होते. सुधा ऑफिसला, जावई टूरवर. सुधाच्या घराची जादा किल्ली मावशीकडे असते. आत शिरताच तिने तांदळाचं पीठ शोधलं. त्यानंतर जे शिजलं त्याने त्या बिल्डिंगचं अख्खं गळतं प्लास्टर बसवता आलं असतं. तरी तिने ते वाडग्यात काढून माझ्या हातात दिलं आणि दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना.

लिफ्ट वाजली. मावशीने धाडकन दार उघडलं.

"आई? तू इथे? काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? आलीस? हातपाय धू."

सुधाने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वाडग्याकडे. "तू उकड केलीस?"

"केली. खायलाच पायजे असं काय नाही."

सुधा उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आई, दार लाव."

"काय?"

"लाव ना गं." आणि तिने स्वतःच दार बाहेरून ओढून घेतलं.

तिच्या चपलांचा आवाज लिफ्टपर्यंत गेला आणि तिथून वळून परत येऊ लागला. मावशीने घाईघाईने केस सारखे केले, भिंगाला डोळा लावला आणि कडीवर हात ठेवला.

"उघडा की आता," मी म्हणालो.

"गप रे," ती कुजबुजली. "बेलकडे हात तर जाऊ दे तिचा."