प्रत्यक्ष भेटीस समतुल्य

रुसे शहरातल्या आमच्या इमारतीच्या ‘ब’ जिन्यात नामदिनाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलंय त्याचा सण आला की टेबल मांडायचं, दार नुसतं लोटून ठेवायचं आणि गप्प बसायचं. ज्याच्या लक्षात असेल तो येतो. आपल्या तोंडाने आमंत्रण देणं म्हणजे स्वतःचं नाक कापून घेणं. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालली होती. मग मी जिन्याचा व्यवस्थापक झालो.

माझ्या कारकिर्दीत जिन्यात दोन पक्ष झाले. सहाव्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर ल्युबेन हे भिंतवाले. शुभेच्छा द्यायच्या तर त्या समाजमाध्यमावर, ज्याच्या-त्याच्या भिंतीवर, साऱ्या जगाला दिसतील अशा. दुसऱ्या मजल्यावरच्या त्सोन्कामावशी ग्रुपवाल्या. शुभेच्छा फोनवर टिंगकन वाजली पाहिजे, नाहीतर ती पोचलीच नाही. मावशींच्या नामदिनाला डॉक्टरांनी स्वतःच्याच भिंतीवर गुलाब चिकटवले. मावशींना भिंतच नव्हती. त्यांनी डॉक्टरांशी बोलणं टाकलं. मी तळघरात सभा बोलावली.

“भिंतीवर निवडणुकीची पोस्टरं लावतात, डॉक्टर,” मावशी कडाडल्या. “शुभेच्छा माणसाच्या हातात द्यायच्या असतात!”

“तुमच्या ग्रुपवर मला ‘शतायुषी व्हा’ आलं,” डॉक्टर म्हणाले, “आणि त्याच्याच खाली ‘जिन्यात कोण थुंकलं?’ आता मी नक्की कशाचे आभार मानू?”

अखेर मी ठराव मांडला : भिंतीवरील वा ग्रुपवरील शुभेच्छा ही प्रत्यक्ष भेटीस समतुल्य समजण्यात यावी, तसेच एका इसमाची भेट एकदाच मोजण्यात यावी, जेणेकरून कोणत्याही पक्षास अवाजवी लाभ होणार नाही. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सर्वांत जोरात टाळ्या मीच वाजवल्या. लिफ्ट बंद होती, आणि दर नामदिनाला फुलं घेऊन आठव्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढायचा मला कंटाळा आला होता.

यथावकाश फेब्रुवारी उजाडला आणि द्राक्षबागांचा संत त्रिफोन याचा सण आला. म्हणजे माझाच. माझ्या बायकोने, इस्क्राने, आंबवलेल्या कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळून पातेलंभर सर्मा शिजवल्या. मी टाय बांधला, वाईन काढली, दार लोटून ठेवलं. जिन्यातलं गार वारं तेवढं आत आलं.

फोन मात्र सकाळपासून ठणाणा करत होता. एका पक्षाने शुभेच्छा दिली की दुसरा दोन देई.

“कोण कोण आलं?” इस्क्राने स्वयंपाकघरातून विचारलं.

“सगळे आले.”

“मग आवाज कसा नाही?”

मी तिला फोन दाखवला.

“छान,” ती म्हणाली. “मग वाढ त्यांना.”

‘या’ म्हणायची तर सोय नव्हती. म्हणून मी पातेल्याचा फोटो दोन्हीकडे टाकला. भिंतीवर बदामांचा पाऊस पडला. ग्रुपवर कुणीतरी नाचणारा कोबी पाठवला. ‘बघूनच पोट भरलं!’ असं मावशींनी लिहिलं. मला रडू यायचं बाकी होतं.

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि दारात साक्षात त्सोन्कामावशी!

“मावशी! बसा, आधी वाईन घ्या.”

“बसायला नाही रे आले. तुला जास्त कुठे आल्या? ग्रुपवर की भिंतीवर?”

“ते सांगतो, पण आत तर या.”

“आत कशी येऊ? सकाळीच येऊन गेलेय ना मी ग्रुपवर! आता पुन्हा आले तर दोनदा मोजतील. तो दातपाड्या टपलेलाच आहे.” आणि त्या खाली गेल्या. व्यवस्थापक या नात्याने मला त्यांचं म्हणणं बिनतोड वाटलं.

इस्क्राने पातेलं उचललं. “मी चालले लोझानकाकांकडे. त्यांचं नाव द्राक्षवेलीवरून, म्हणजे त्यांचाही आजच नामदिन. म्हातारा एकटाच बसला असेल.”

“हो पुढे. आभार मानतो आणि आलोच.”

आभार मानणं सोपं नव्हतं. आधी ग्रुपवर मानले तर भिंत रुसणार. शेवटी एक हात संगणकावर आणि एक फोनवर ठेवून दोन्हीकडे एकाच क्षणी मानले. मग वाईनची सुरई घेऊन तिसऱ्या मजल्यावर उतरलो.

काकांच्या दाराशी बुटांचा ढीग होता. आत बसायला जागा नव्हती. डॉक्टर ल्युबेन गात होते, त्सोन्कामावशी त्यांच्याच ताटात लोणचं वाढत होत्या, आणि माझ्या सर्मा संपत आल्या होत्या.

“तुम्ही सगळे इथे?”

“मग काय करणार?” डॉक्टर म्हणाले. “काकांना ना भिंत, ना ग्रुप. यावंच लागतं!”

“ये रे, त्रिफोन!” काकांनी मला मिठी मारली. “मीच वर येणार होतो. म्हटलं, तुझ्याकडे गर्दी असेल.”

मी मावशी आणि डॉक्टरांच्या मधे अंग चोरून बसलो आणि पातेल्यातली शेवटची सर्मा खाल्ली. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तेवढ्यात काकांनी उशीखालून एक खोका काढला. “नातीने व्हिएन्नाहून पाठवलाय. कसा चालू करायचा रे हा फोन?”

“आधी भिंत!” डॉक्टर उठले.

“आधी ग्रुप!” मावशींनी खोका ओढला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. इस्क्रा तर नुसत्या डोळ्यांनीच नको म्हणत होती. पण पद म्हटलं की निःपक्षपातीपणा आलाच. कुणावरही अन्याय नको म्हणून मी स्वतःच्या हाताने काकांना फोनवर दोन्हीही घालून दिलं. पहिली टिंग वाजली तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

हसू नका. तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांनाही तुम्हीच फोन घेऊन दिलात ना? आणि त्यांचं पहिलं ‘सुप्रभात’ आलं तेव्हा ‘चला, एक चक्कर वाचली’ असं मनात म्हणालात, तेही तुम्हीच.