अर्ध्या चढावरचे सासरे

"उद्या तुझ्या बाबांना तीन सेकंदांत असं उडवतो, की 'पाळणेवाला' हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघायचा नाही!" व्होल्टेजने बायकोला ठणकावून सांगितलं आणि टॉवेल खुंटीला अडकवला. टॉवेल खाली पडला. पण असल्या गोष्टींकडे लक्ष देईल तो व्होल्टेज कसला!

व्होल्टेज हे अर्थातच त्याचं जन्मनाव नव्हे. तो मनोरंजन पार्कात वीज सांभाळणारा इंजिनियर. कुठे दिवा नुसता मिणमिणला तरी टेस्टर घेऊन धावायचा, म्हणून पार्कातले सगळे त्याला व्होल्टेज म्हणायचे. सासरे मात्र पाळणेवाला म्हणायचे. त्यांनी उभा जन्म वीजकेंद्रात काढला होता. घरं उजळते ती खरी वीज, आणि धडधाकट माणसांना उलटं टांगायला जी वापरतात ती नुसती उधळपट्टी, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी डबा घेऊन एका मित्राच्या ट्रान्स्फॉर्मर कारखान्यात जाऊन बसत. तिथल्या इंजिनियरची जागा नुकतीच रिकामी झाली होती आणि ती जावयानेच घ्यावी, असा त्यांनी घाट घातला होता.

"लवकर काय ते ठरवा, जावईबापू," ते म्हणाले होते. "मुलीचा नवरा काय करतो असं कोणी विचारलं, की मला हवापाण्याच्या गप्पा काढाव्या लागतात."

हे व्होल्टेजला फार लागलं. त्यातून बायकोनेही हात झटकले. "अहो, बाबांना तुमचं तुम्ही पटवा. नाही पटलं तर गुपचूप कारखान्यात जा. मला दोन्हीकडून कटकट नको!"

म्हणून हा बेत. सोमवारी पार्क बंद असतो. त्या दिवशी बायको आणि सासरे या दोघांनाच 'झपाटा'त बसवायचं!

झपाटा म्हणजे पार्कातली सर्वांत दांडगी राइड. तिला बाकीच्या राइडसारखं साखळीने कुरकुरत वर ओढत नेत नाहीत. रुळांमधली चुंबकं तिला जागच्या जागेवरून अशी तीन सेकंदांत भिरकावतात, की ती थेट समोरचा उभा चढ चढून पलीकडे जाते. तेवढ्यात ती बाकीचा सगळा पार्क मिळून खातो त्याहून जास्त वीज खाते. एवढी वीज एकदम कोण देणार? म्हणून शेडमध्ये एक भलंमोठं फ्लायव्हील, म्हणजे गरगर फिरणारं जड चाक, असतं. थोडी थोडी वीज घेऊन ते सावकाश वेग धरतं आणि वेळ आली की साठवलेलं सगळं एकदम देऊन टाकतं. बारीक नळाखाली बादली भरत ठेवावी आणि मग एका दमात ओतावी, तसं.

आता बादलीच दुरुस्तीला गेलेली होती. फ्लायव्हीलचं बेअरिंग वाजायला लागलं, म्हणून ते आठवडाभरासाठी बाहेरगावी पाठवलं होतं. शहाण्या माणसाने सासऱ्यांना पुढच्या सोमवारी बोलावलं असतं. व्होल्टेजने मॅनेजरला फोन केला.

"सर, झपाटा थेट लाइनवर चालवून बघतो. बाकीचा पार्क तेवढा वेळ बंद ठेवला की झालं."

"माणसं पडणार नाहीत ना?"

"नाही सर. ब्रेक चुंबकाचे आहेत, वीज गेली तरी लागतात."

"मग करा," मॅनेजर म्हणाला आणि पुन्हा झोपला.

बाकीचा पार्क बंद ठेवणं मात्र तितकं सोपं निघालं नाही. सुट्टी पार्काला होती, यंत्रांना नव्हती. स्वयंपाकघरात मावशींच्या मोठ्या भट्ट्यांमध्ये मंगळवारचे केक भाजले जात होते.

"आधीपासून भट्टी बंद?" मावशी कडाडल्या. "केक बसले तर तुझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर उपडे घालीन!"

पंपवाले काका म्हणाले, "पंप एकदा थांबला की पुन्हा पाणी धरेपर्यंत माझा जीव जातो. तीन सेकंद म्हणालास ना? मग तीनच सेकंद बंद करतो."

शीतगृहवाल्यानेही तेच धरून ठेवलं. खरं तर एकेक यंत्र सावकाश, आधीपासून बंद करायचं असतं. पण व्होल्टेजला घाई झाली होती. त्याने तोडगा काढला. सगळ्यांनी वॉकीटॉकी कानाला लावून थांबायचं, आणि तो "सोडा!" म्हणाला की त्याच क्षणी आपापला खटका खाली ओढायचा!

मंडळींनी ही गोष्ट भलतीच मनावर घेतली. चहाच्या वेळी कप हातात धरून तालीम झाली. "सोडा!" म्हटलं की सगळे कप एकदम टेबलावर! पहिल्यांदा काका मागे राहिले. मावशींनी त्यांना असं काही झापलं, की पुढच्या वेळी एकच आवाज आला.

सासरे आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. झपाटाच्या सीटवर त्यांनी आधी रुमाल अंथरला.

"पाळण्यात बसायचं माझं वय नाही, पण बसतो," ते म्हणाले. "उद्या कारखान्यात काय सांगायचं, ते उतरल्यावर ठरवू."

बायको शेजारी बसली. छातीवरच्या दांड्या खटकन लागल्या. व्होल्टेज कंट्रोल रूममध्ये धावला. तिथल्या ऑपरेटरबाईंनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, नक्की ना?" त्यांनी विचारलं.

"दाबा बटण! सोडाऽऽ!"

आणि पार्क सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच सगळ्यांनी त्याचं एकाच क्षणी ऐकलं. भट्ट्या, पंप, शीतगृह, सगळं एका फटक्यात बंद! मावशींनी तर स्वयंपाकघरातले दिवेसुद्धा मालवले. कमी पडायला नको!

घोटाळा तिथेच झाला. झपाटाची भूक वेगाबरोबर वाढते. सुरुवातीला गाडी हळू असताना ती वीज बेताचीच खाते. इकडे बाकीच्यांनी तर आपापल्या यंत्रांचा विजेचा भार एकदम काढून घेतलेला. रस्सीखेचीत समोरच्यांनी एकदम दोर सोडला की आपली काय गत होते? तशी त्या लाइनची झाली. व्होल्टेज, म्हणजे विजेचं, एकदम उसळलं. झपाटाच्या मोटरींना जपणारी यंत्रणा घाबरली आणि तिने ऐन धावेत मोटरी बंद करून टाकल्या!

गाडी सुसाट निघाली होती खरी. चढाला लागली, चढली, जरा मंदावली, आणखी मंदावली आणि अर्ध्या चढावर क्षणभर थांबली. सासरे आकाशाकडे तोंड करून बसलेले होते. मग गाडी उलटी खाली यायला लागली.

"अहोऽऽऽ!" बायकोची किंकाळी आली.

पाठोपाठ सासऱ्यांचा आवाज आला. ती किंकाळी नव्हती, जाब होता. "सगळा भार एकदम कोणी काढलाऽऽऽ?"

चुंबकी ब्रेक लागले आणि गाडी फलाटाशी अलगद येऊन थांबली. दांड्या मात्र बंदच! त्या उघडायला वीज लागते, आणि त्या उसळीने मुख्य खटकाही पडून वीज आता सगळीकडूनच गेलेली होती. व्होल्टेज सुटला तो गाडीखालच्या पायखटक्यापाशी. त्याने धडपडत आधी बायकोची दांडी मोकळी केली. ती उतरली, केस सारखे केले आणि म्हणाली, "घरी या."

बस, एवढंच! संपलं सगळं, व्होल्टेजला वाटलं. ही नोकरी, हा पार्क, ही मावशींची आरडाओरड, सगळं आता सुटणार. त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. तो सासऱ्यांच्या खटक्यावर पाय ठेवणार, इतक्यात वरून हुकूम आला.

"दांडी राहू द्या! आधी सगळ्यांना इथे बोलवा."

फलाटावर दरबार भरला. मावशी, काका, शीतगृहवाला, सगळे माना खाली घालून उभे. मधोमध सासरे, छातीवर दांडी.

"एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

सगळ्यांची बोटं व्होल्टेजकडे.

"आधी पंप. मग शीतगृह. भट्टी सगळ्यात शेवटी, केक निघाल्यावर. प्रत्येकाने मागच्याचं झालं हे ऐकूनच आपलं बंद करायचं. समजलं? आणि मग पुन्हा सोडा मला!"

"पुन्हा?" व्होल्टेजला वाटलं आपले कान वाजले. "बाबा, तुम्हाला पुन्हा बसायचंय?"

"चाचणी अर्धी टाकून उठायची सवय नाही मला."

लाइन परत आली. केक निघाले. एकेक यंत्र शिस्तीत बंद झालं. ऑपरेटरबाईंनी बटण दाबलं आणि झपाटा असा सुटला, की खिडकीची काच थरारली. गाडी चढाच्या टोकावरून पलीकडे गेली! मावशींनी टाळ्या पिटल्या. काकांनी पंपाकडे धाव घेतली.

सासरे परत आले तेव्हा पेन नव्हतं, रुमाल नव्हता आणि केस सगळे मागे गेलेले होते. दांडी उघडली तरी ते उठेनात. मग त्यांनी व्होल्टेजचा हात धरला.

"सगळा जन्म वीज पुढे पाठवत राहिलो," ते हळूच म्हणाले. "पुढे जाऊन ती काय करते, ते आज पोटात कळलं. मोठं काम करताय, जावईबापू. कारखान्यात मी 'नाही' म्हणून कळवतो."

व्होल्टेजचे डोळे भरून आले. त्या दिवशी घरी बायकोने त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलंच, पण त्याला काहीच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्क उघडायच्या आधीच सासरे डबा घेऊन फाटकाशी हजर! "म्हटलं, जरा लक्ष ठेवावं," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवसापासून पाळण्याचे दिवे त्यांच्या सांगण्यावरून लागू लागले. ते कंट्रोल रूममधल्या लाकडी स्टुलावर बसत आणि व्होल्टेजने कुठल्याही बटणाकडे हात नेला, की मागून म्हणत, "विचार केलात ना?" ऑपरेटरबाईंनी दुसऱ्या पाळीत बदली मागितली. मावशी त्यांना पाहताच केक झाकून ठेवू लागल्या. व्होल्टेजला एकच आशा होती, ती त्या स्टुलाची. सासऱ्यांची पाठ हल्ली दुखायला लागली होती.

शेवटी न राहवून त्याने शेडमागे जाऊन सासऱ्यांच्या कारखानदार मित्राला फोन लावला. "काका, ती तुमच्याकडची जागा अजून आहे का हो?"

"छे, भरली की!" कारखानदार खुशीत होते. "आधीचेच इंजिनियर साहेब परत आले. तुमच्या सासऱ्यांच्या सूचनांना कंटाळून सोडून गेले होते बिचारे. सासरेबुवा हल्ली तुमच्याकडे बसतात असं कळलं आणि साहेब लगेच हजर झाले! काय हो, सासऱ्यांना तिथे बरं वाटतंय ना? बसायला नीट आहे ना?"

"स्टूल आहे," व्होल्टेज म्हणाला. "पाठ दुखते म्हणतात."

"अरे बापरे!" कारखानदार घाईघाईने म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी फाटकाशी टेम्पो आला. त्यात सासऱ्यांची कारखान्यातली खुर्ची होती, गादीसकट.