बंडामामांचा कान

बंडामामांना चहा दिला, तर ते आधी कप वाजवून बघतात. नखानं टिचकी मारतात, कान जवळ नेतात, मगच घोट घेतात. कलिंगड, माठ, फरशी, काही म्हणून सुटत नाही. माझ्या लग्नात आहेराची भांडी त्यांनी मांडवातच वाजवली आणि एका पातेल्याकडं बोट दाखवून माझ्या सासऱ्यांना मोठ्यानं सांगितलं, "पावणं, ह्याला चीर हाय." सासरे चार महिने माझ्याशी धड बोलले नाहीत. पाचव्या महिन्यात पातेलं गळायला लागलं.

कागलच्या एमआयडीसीत आमची लोखंड ओतायची फौंड्री आहे. म्हणजे मालकांची, मी तिथं डिस्पॅचला, मामा तपासणीला. ओतून निघालेला प्रत्येक नग मामा छोट्या हातोडीनं ठोकून ऐकायचे. "खणखणीत" म्हणाले की माल गाडीत, "बद्द हाय" म्हणाले की परत भट्टीत. मालकांनी तपासणीचं महागडं मशीन आणलं, तेव्हा मामांनी आधी मशीनच वाजवून बघितलं. "पत्रा पातळ हाय," म्हणाले.

मागच्या वर्षी ते भाचीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होते. नेमका तेव्हाच पुण्याच्या एका ट्रॅक्टर कंपनीचा मोठा लॉट मी रवाना केला. परत आल्यावर मामांनी त्यातले मागं राहिलेले तीन नग सहज ठोकले आणि हातोडी खाली ठेवली.

"ह्यातला एक बद्द हाय. बाकीचा माल कुठाय?"

"पुण्यात पोचला, मामा. मशीननं पास केलाय. त्यांनीही केलाय."

ते तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरले, मागोमाग मी. मालक तरुण, वडिलांनंतर नुकताच कारभार हातात आलेला.

"मामा, त्यांची काही तक्रार नाही. आपणहून सांगितलं तर ऑर्डर जाईल. इतक्या माणसांनी मग जायचं कुठं?"

"चाकाजवळ बसतंय ते, सायेब. मोडलं तर वरचा माणूस खाली येतोय. आन् आज आपण सांगितलं तर आपण चुकलो. उद्या त्यांनी सांगितलं तर आपण लबाड. चुकलेल्याकडनं माल घेत्यात की लोक. लबाडाकडनं न्हाय घेत."

मालकांनी पुण्याचा नंबर शोधला. मग त्यांनी फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी मामा आणि मी पुण्यात. तिथले मॅनेजर कपाळाला आठ्या घालूनच उभे होते. "आमच्या तपासणीत तर हे पास झालेत," ते म्हणाले.

"मग तुमचं बी कान तपासाय पायजेत की."

मी डोळेच मिटून घेतले.

दोन दिवस मामा गोदामात मांडी घालून एकेक नग ठोकत होते. अकरा बद्द निघाले. मॅनेजरनी त्यातला एक फोडून बघितला, तर आत पोकळी. त्यांनी फुटका नग बाजूला ठेवला. स्वतः जाऊन मामांसाठी खुर्ची घेऊन आले.

त्यानंतर तीन महिने तिकडून नवं काम आलं नाही. फौंड्रीत सगळे मामांकडं तिरकं बघायला लागले. मामा आपले कप वाजवत चहा पीत होते. आणि मग एक दिवस मॅनेजर स्वतःच कागलला हजर झाले, दुप्पट काम घेऊन. "माल कधी ना कधी सगळ्यांचाच बिघडतो," ते मालकांना म्हणाले, "पण आम्हाला कळायच्या आधी फोन करणारे तुम्हीच भेटलात." हे तेवढ्यावर राहिलं नाही. आता न बोलावता दुसऱ्या कंपन्यांची माणसं आमचं नाव विचारत येतात.

यंदा दिवाळीनंतर एका सकाळी मामा पुन्हा केबिनमध्ये गेले. मी बिलांवर सही घेत तिथंच उभा होतो.

"सायेब, माझा उजवा कान गेलाय. डावा बी भरवशाचा न्हाय. गेल्या आठवड्याचा माल दुसऱ्याकडनं ठोकून घ्या. मी थांबतो आता."

मालक उठून मामांच्या डाव्या कानाशी आले. "ऐकायचं काम दुसरा करेल, मामा. गिऱ्हाइकाशी बोलायला तुम्ही जा."

"दया म्हणून ठेवताय व्हय?"

"पुण्याहून फोन आला की ते तुमची चौकशी करतात. माझी नाही करत."

"इचार करतो," मामा म्हणाले आणि बाहेर पडले.

गेटपाशी गाठून मी त्यांच्या डाव्या कानात ओरडलो, "कसला विचार करताय, मामा?"

"कसला न्हाय रं. बायको गेल्यापास्नं घरात बोलायलाच कोण न्हाय. तिथं कान असला काय, नसला काय." ते जरा थांबले. "उद्या सातला येतो म्हणून सांग सायबास्नी."

दोन पावलं गेले आणि पुन्हा वळले.

"पर लगीच नको, जरा इचार केल्यागत दिसू दे. जेवणाच्या सुट्टीनंतर सांग."