रोशनीची गिनती

आमच्या रोशनीला वीसवर थांबता येत नाही. देवरीच्या कॉलेजातून साडेचारची बस धरणाऱ्या आम्ही मुली वीस. फाट्यावर रोज ती एकेकीच्या डोक्यावर बोट टेकवून मोजायची, शेवटी स्वतःकडे बोट करून म्हणायची, "वीस." आणि मग, कोणाकडेच न बघता, "एकवीस." बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची मुलगी! आम्ही पोट धरून हसायचो. "हसा, हसा," ती म्हणायची, "माही गिनती बराबर आहे."

तिचं दुसरं खूळ म्हणजे 'लिहून द्या'. ग्रंथपाल म्हणाले, आज पुस्तक मिळणार नाही, की हिचं सुरू, "काऊन? लिहून द्या." नकार लिहून देण्यापेक्षा पुस्तक देणं सोपं, हे ग्रंथपालांना दुसऱ्याच आठवड्यात कळलं. कँटीनवाल्याने मात्र 'समोसा संपला' असं खरंच लिहून दिलं. तो कागद अजून तिच्या वहीत आहे.

यंदा कॉलेज सुरू झाल्या झाल्या नेतृत्वविकासाचं शिबिर झालं. नागपूरहून टाय लावलेले एक सर आले. "नेता कुठे उभा राहतो?" त्यांनी विचारलं. मी टुणकन उठून पुढे गेले. रोशनी उठली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली.

"पुढे या. नेता पुढे असतो," सर म्हणाले.

"काऊन?" रोशनीने विचारलं. "माहे आजोबा गावात तलावाचं पाणी वाटत होते, सर. सगळ्यायच्या धानाच्या बांध्या भरल्या, का मंग शेवटी आमची. आपली बांधी आधी भरली असती, तर गावानं त्यायचं ऐकलं असतं का?"

सर "छान मुद्दा" म्हणाले आणि त्यांनी पुढची स्लाइड लावली. उत्कृष्ट नेतृत्वाचं प्रमाणपत्र मला मिळालं. आईने ते लॅमिनेट करून टीव्हीशेजारी ठेवलं.

दिवाळीनंतर साडेचारची बस फाट्यावर थांबेनाशी झाली. भरलेली असायची असंही नाही. ड्रायव्हर नुसता हात हलवायचा आणि जायचा. पुढची बस साडेसहाला, घरी पोचेपर्यंत काळोख. पंधरा दिवसांत दोघींच्या घरी 'पुरे झालं कॉलेज' सुरू झालं. माझ्या बाबांनीही विचारलं, "घरूनच परीक्षा नाही देता येत का?" मी गप्प बसले. टीव्हीशेजारी ते प्रमाणपत्र होतंच.

रोशनी गप्प बसली नाही. "उद्या सगळ्यायनं डांबरावर उभं राहाचं," तिने फर्मान काढलं. राहिलो. बस कचकन थांबली. "मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला. "नाई, घरी जाचं हाये," रोशनी म्हणाली. दार उघडलं.

आणि इथेच आम्ही माती खाल्ली. शिबिरापासून रोशनीने आम्हाला तिच्या आजोबांचं पाणीवाटप इतकं ऐकवलं होतं, की शेवटी चढेल ती खरी पुढारी हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आता पुढारी व्हायचं कोणाला नव्हतं? "तू चढ." "नाही गं, आधी तू." "मी शेवटी." कंडक्टरने ही लखनवी अदब मिनिटभर पाहिली, घंटी ओढली आणि आमची बस आमच्याशिवाय निघून गेली.

रोशनीने कपाळावर हात मारला. "सगळ्याच पाणी वाटत बसल्या, तर बांधी कोणाची भरन वो?"

दुसऱ्या दिवशी ती आम्हाला अर्ज घेऊन आगारात घेऊन गेली. साहेब वाचू लागले, "आम्ही खाली सही करणाऱ्या एकवीस विद्यार्थिनी..." त्यांनी सह्या मोजल्या. आम्ही एकमेकींना कोपरं मारू लागलो.

"सह्या तर वीसच आहेत. एकविसावी कोण?"

"माही बाई," रोशनी म्हणाली. बाई म्हणजे तिची मोठी बहीण. आम्ही तिच्याबद्दल कधी ऐकलंही नव्हतं. "याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाले होती. मी तवा अकरावीत. बसले लय गर्दी होती, साहेब. मी धक्के मारत आधी चढली अन् खिडकीची जागा धरली. वळून पाह्यते, तं बाई खालीच. दार लागून गेलं. ते अंधारात पायी घरी आली. बाबा म्हणाले, झालं आता कॉलेज. उन्हाळ्यात लगन लावून देलं. तवापासून मी शेवटी चढते. अन् तिले मोजून राहिली."

कोणी हसलं नाही. तीन वर्षं मी त्या आकड्याला हसत होते. त्या दिवशी मला माझी मनापासून लाज वाटली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "सांगतो ड्रायव्हरला."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं, शिक्क्यासकट. आकडा एकवीसच ठेवला.

आता बस थांबते. आम्ही मुकाट्याने रांगेने चढतो, रोशनी शेवटी. पण परीक्षा झाली की आमची ही बस कायमची सुटणार. मग एवढा आटापिटा कोणासाठी होता, ते मला परवा बसमध्ये कळलं.

"जूनमध्ये बाईचं नाव परत कॉलेजात घालून राहिली. तिचं सासरबी याच बसच्या वाटेवर हाये," ती म्हणाली. "पण तिची सासू नाई म्हणते."

"मग?"

"मंग काय? रविवारी जाऊन राहिली तिच्या गावाले. सासूले म्हणन, काऊन नाई? लिहून द्या."

"मीही येते," मी म्हटलं. मागच्या सीटवरून कोणी म्हणालं, मीही. मग सगळ्याच. रोशनी उठली आणि धावत्या बसमध्ये एकेकीच्या डोक्यावर बोट टेकवत मोजू लागली. स्वतःपाशी आली, "वीस" म्हणाली, आणि पहिल्यांदाच वीसवर थांबली. डोळे भरले होते तिचे.

"एकवीस!" आम्ही सगळ्या ओरडलो, इतक्या जोरात की कंडक्टर दचकला आणि त्याने उगाचच डबल घंटी दिली.