फोटो बघायचा प्रोग्रॅम

दिवाणखान्यात बोलण्यासारखा एकही शब्द उरला नव्हता. मॉनिटरवर वाळूचं घड्याळ उलटसुलट होत होतं आणि कुणाच्या तरी अंत्यदर्शनाला आल्यासारखी चार माणसं त्याच्याकडे पाहत बसली होती.

"एकच क्लिक," सोमशेखर मघाशी छाती पुढे काढून म्हणाला होता, "आणि कळंब्याच्या तलावावरची पहाट तुमच्यासमोर!"

पहाट काही येत नव्हती.

मुली पाहून पाहून सोमशेखर थकला होता. प्रत्येक घरातून "मुलगा फार गप्प वाटतो" एवढा एकच अभिप्राय घेऊन तो परतत असे. पवित्रा मात्र पहिल्याच भेटीत त्याच्या मनात रुजली होती. आज तिचे वडील सिद्धलिंगआप्पा शिरोळहून तिला घेऊन जीपने घर बघायला आले होते. जिभेला जमत नाही ते आपण काढलेले फोटो बोलतील, अशी त्याची योजना होती. पण कालच दाजींनी दिलेल्या सीडीवरून त्याने एक नवा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घातला, आणि त्या उपऱ्याने सगळे फोटो ताब्यात घेतले. कुठल्याही फोटोवर क्लिक करा, हाच पुढे! आधी स्वतःचं नाव झळकवायचा, मग नोंदणी मागायचा, आणि मग समाधी लावायचा. जुना प्रोग्रॅम बिचारा हाक मारताच फोटो दाखवून बाजूला व्हायचा.

"चहा घ्या, आलोच," म्हणून तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने कागलच्या कारखान्यात दाजींना फोन लावला. बहिणीचा नवरा बाळासो हा त्याचा कॉम्प्युटरमधला एकमेव आधार. मध्ये दाराऐवजी नुसता पडदा होता, याचं भान मात्र त्याला राहिलं नाही.

"दाजी, हा फोटो बघायचा नवा प्रोग्रॅम मला नको."

"आँ? मोठ्यानं बोल की! हितं मशीन सुरू हाय!"

"नवा प्रोग्रॅम नको!" सोमशेखर ओरडला. "तुम्हीच माझ्या गळ्यात मारलात! दिसायला देखणा, पण फार जड आहे हो! जागचा हलत नाही!"

"मग दे की हाकलून!"

"देतो! पण आधीचा परत मिळेल ना? आमचं किती छान जमलं होतं!"

"मिळतोय की! फोटोवर राइट क्लिक कर, जुन्याचं नाव निवड, आन खालच्या चौकटीत 'कायम हाच' म्हणून खूण कर."

"हां, कायमचा तोच! आणि हे पाहुणे उठायच्या आत उरकतो!"

तो बाहेर आला तेव्हा चहावर साय धरली होती. मघाची शांतता वाट पाहणारी होती, ही निकाल दिलेली होती.

"पवित्रा, ऊठ," सिद्धलिंगआप्पा टोपी चढवत म्हणाले. "पावण्यास्नी प्रोग्रॅम नको हाय."

"आप्पा, तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा हो!"

"कॉम्प्युटरचा कसला? प्रोग्रॅम आमचा चाललाय हितं! फोटो बघून पसंत केलासा, आन आता पोरगी जड वाटाय लागली व्हय? वाळल्या उसागत हाय ती!"

"आप्पा!" पवित्रा पुटपुटली.

"सोमू," सोमशेखरची अव्वा कपाळाला हात लावून म्हणाली, "आधीच्या प्रोग्रॅमची कोण रे? आईला तरी सांगायचंस!"

बोलून काही सुधारायचं नाही, हे सोमशेखरला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने मुकाट्याने माऊस हातात घेतला. राइट क्लिक, जुन्याचं नाव, 'कायम हाच' अशी खूण. त्याच क्षणी तलाव उघडला, धुक्यासकट!

"हा आधीचा," तो म्हणाला. "याच्यासाठी ओरडत होतो."

सिद्धलिंगआप्पांनी बराच वेळ त्या पाण्याकडे पाहिलं. मग टोपी काढून पुन्हा बसले.

"असं व्हय! मग आधी सांगायचं न्हाई?" आणि जरा वेळाने, "ह्यात बघण्यासारखं काय हाय पर? गेल्या पुरात आमचा मळा असाच दिसत हुता की."

अव्वा घाईघाईने चहा पुन्हा गरम करायला गेली. सोमशेखरच्या जिवात जीव आला. आयुष्यात प्रथमच त्याला काहीतरी बोलावंसं वाटलं, तेवढ्यात पवित्राच बोलली.

"तो नवा आपोआप कसा काय बसला सगळ्या फोटोंवर?"

"आपोआप नाही. त्याने विचारलं होतं, कायम मीच उघडू का म्हणून. मी 'हो' म्हटलं."

"वाचून?"

"नाही. घाईत होतो."

"कायमचं विचारतोय, आणि न वाचताच हो म्हणून टाकलंत?"

"त्यात काय एवढं? मी नेहमीच 'हो' म्हणतो," सोमशेखर मोकळेपणाने हसला. "तुमच्या वेळीसुद्धा लगेच म्हटलं होतं की! मग... तुमचं काय ठरलं?"

पवित्राने एकदा त्याच्याकडे आणि एकदा मॉनिटरकडे पाहिलं, ओढणी सारखी केली, आणि ती उंबरा ओलांडून जीपच्या दिशेने चालू लागली.