दहावी सळई

मेहकरहून निघायचे, डोणगावला पहिला मुक्काम करायचा, वाटेतल्या एका वस्तीवर दुसरा, आणि तिसऱ्या दिवशी सूर्य मावळण्याच्या आत अमडापूर गाठायचे. तीन दिवस, चार सायकली, आणि एकाही चाकाला डांबराचा स्पर्श होणार नाही! ही प्रतिज्ञा भगवानरावांनी आपल्या बैठकीत, गाव-नकाशांच्या ढिगाऱ्यावर हात ठेवून केली, तेव्हा समोर बसलेल्या किसनरावांनी फक्त एक नम्र शंका काढली. डोणगाव हे अमडापूरच्या नेमके उलट दिशेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. भगवानराव म्हणाले की दिशा पाहून पळतात ते डांबरी रस्ते. बैलगाड्यांची जुनी गाडवाट आपल्या मर्जीने जाते आणि तिच्या मर्जीमागे आपण जायचे असते.

भगवानराव हे निवृत्त भूकरमापक. एकतीस वर्षे त्यांनी या जिल्ह्याची जमीन मोजली, आणि त्या एकतीस वर्षांत आपल्या मोजणीत वीतभराचीही चूक निघाली नाही, हे वाक्य ते आल्यागेल्याला चहाच्या आधी ऐकवत. चहानंतर पुन्हा ऐकवत, कारण मधल्या वेळात पाहुणा ते विसरला असण्याची शक्यता होती.

किसनराव हे त्यांचे भिंतीला भिंत लावून राहणारे शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक. दोन घरांमधली कुंपणाची भिंत भगवानरावांनीच मोजून दिली होती. किसनरावांच्या वडिलांनी लावलेला शेवगा त्या मोजणीत भिंतीपलीकडे, भगवानरावांच्या अंगणात गेला. तेव्हापासून किसनराव आपल्या वडिलांच्या झाडाच्या शेंगा दर वर्षी शेजाऱ्याची भेट म्हणून स्वीकारत, आणि रीतसर आभारही मानत.

बैठकीत आणखी दोघे होते. किसनरावांचा पुतण्या प्रसेनजित, ज्याचे मेहकरात सायकलींचे दुकान होते. आणि मंजुश्री, जी शेती खात्यात होती आणि आसपासच्या पन्नास गावांतील कुत्री जिला ओळखत. पैज ठरली ती अशी: चाक एकदा जरी डांबराला लागले, तर भगवानरावांनी सारे नकाशे कपाटात कुलूपबंद करायचे आणि पुढच्या वर्षीचे नेतृत्व किसनरावांकडे द्यायचे. मात्र मोबाइल पाहून वाट शोधायची नाही, ही उलट अट भगवानरावांनी घातली. नकाशा चुकत नाही, चुकली तर जमीन चुकते, असे त्यांनी बजावले.

नियमावली सतरा कलमांची होती. त्यातले सातवे कलम असे की डांबरी रस्ता आडवा आल्यास सायकल खांद्यावर घेऊन तो ओलांडावा. जानेवारीतल्या त्या पहिल्याच सकाळी, अंगावर धुके आणि डोक्याला कानटोप्या असताना, चौघे खांद्यावर सायकली घेऊन हमरस्ता पार करू लागले. एसटीचा चालक गाडी थांबवून बघत राहिला. खिडकीतल्या एका म्हातारीने हा काहीतरी कडक नवस असावा असे समजून हात जोडले, आणि भगवानरावांनी मान लववून तो नमस्कार स्वीकारला.

पण काय सांगावे त्या दोन दिवसांचे सुख! हरभऱ्याच्या हिरव्या वावरांमधून, तुरीच्या खुंटांच्या काठाने, दोन बैलगाड्यांच्या चाकोरीतून सायकली नुसत्या गात चालल्या होत्या. बारा नाले लागले. बाराही नकाशावर होते. प्रत्येक नाला दिसला की भगवानराव त्याच्याकडे बोट दाखवत, जणू तो त्यांनीच सांगून ठेवल्याप्रमाणे वेळेवर हजर झाला होता. प्रसेनजितने सहा पंक्चरे काढली. किसनराव एकदा बाभळीच्या काट्यांत पडले, आणि पडल्यापडल्या त्यांनी कबूल केले की हो, ही बाभूळ नकाशात नव्हती, पण वाट मात्र होती. त्या कबुलीने भगवानराव इतके फुलून आले की डोणगावला त्यांनी आपल्या हाताने साऱ्यांना अंगाला लावायला तेल दिले.

तिसऱ्या दिवशी, दुपार कलण्याच्या सुमारास, निंबखेडच्या शिवारात गाडवाट संपली. संपली म्हणजे अशी, की पुढे विहीर होती.

भगवानरावांनी सायकल आडवी टाकली, नकाशा पसरला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ढेकळे ठेवली आणि मापे घेतली. मापाप्रमाणे वाट विहिरीच्या बरोबर मधोमध जात होती. त्यांनी पुन्हा मापले. वाट पुन्हा विहिरीत गेली. डोक्यावर शिरस्त्राण, कमरेला टेप, समोर नकाशा आणि चेहऱ्यावर सरकारी गांभीर्य असा माणूस वावरात उभा दिसल्यावर जे व्हायचे तेच झाले. मोजणी आली, ही बातमी बांधावरून बांधावर गेली, आणि पाऊण तासात तीस-पस्तीस माणसे जमली. आपण केवळ सहलीला निघालेले सायकलस्वार आहोत, हे एका वाक्यात सांगून टाकावे असे मंजुश्रीने सुचवले. पण कितीतरी वर्षांनी कुणी त्यांना 'साहेब' म्हणून बसायला पोते अंथरले होते. भगवानराव पोत्यावर बसले.

मग सगळे उलगडत गेले. या विहिरीच्या मालकीण सोजराबाई, सत्तरीच्या, कपाळावर आठ्या आणि आवाजात दम. शेजारच्या वावराचा मालक ज्ञानेश्वर. सोजराबाईंचे म्हणणे, जुनी वाट ज्ञानेश्वरच्या हरभऱ्यातून जाते. ज्ञानेश्वरचे म्हणणे, नकाशात ती सोजराबाईंच्या विहिरीवरून जाते, मग माझे वावर मी काऊन सोडू? त्याने वाट नांगरून टाकली होती. तीस वर्षे सारे गाव दोन कोस वळसा घेऊन डांबरी रस्त्याने जात होते, आणि ज्ञानेश्वर येणाऱ्याजाणाऱ्याला एकच वाक्य ऐकवत होता.

"ज्यानं मोजलं, त्यानं माह्यासमोर येऊन म्हनावं का चुकलं. मंग मी त्याच दिवशी वाट मोकळी करतो."

नकाशाच्या कोपऱ्यातली सही किसनरावांनीच वाचली. मोठ्याने नव्हे. ते फक्त वाकले, चष्मा वर केला, खाली केला, आणि भगवानरावांकडे बघत राहिले. सही भगवानरावांची होती.

भगवानराव म्हणाले की मोजणी बरोबर आहे. विहीर चुकीच्या जागी खणली गेली असावी. सोजराबाई म्हणाल्या की विहीर त्यांच्या सासऱ्याच्या वडिलांची आहे. मग भगवानरावांनी साऱ्या गावाला मोजणीचे शास्त्र समजावले. साखळी तेहेतीस फुटांची. ती जितक्या वेळा जमिनीवर पडेल, तितक्या वेळा पुढच्या माणसाने एक लोखंडी सळई रोवायची आणि मागच्याने ती उपटून गोळा करायची. शेवटी हाती जितक्या सळया, तितक्या साखळ्या. बांधाच्या दगडापासून वाट नऊ साखळ्या, कारण हाती सळया नऊ. यात चूक शिरायला जागाच कुठे?

"नऊच कशा भरल्या?" सोजराबाईंनी विचारले.

"कारण दहावी त्या दिवशी साखळीवाल्याने हरवली. मी त्याला चांगला झापला होता."

सोजराबाई तडक खोपीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात हातभर लांबीची, टोकाला कडी असलेली, काळीभोर लोखंडी सळई होती.

"तुमी मोजाले आलते तवा मी कणकेचे रोडगे केलते साहेब. गोवऱ्यांच्या आरात रोडगे फिरवाले काही गवसेना. वावरात ही रोवेल दिसली, उपटून घेतली." त्यांनी सळई पुढे धरली. "तुमी जेवले, ढेकर देल्ला, गेले. मले वापस द्याची राहून गेली. तीस साल हिच्यानंच रोडगे फिरवून राह्यलो आमी."

सळईच्या कडीवर कार्यालयाचा ठोकलेला आकडा अजून दिसत होता: दहा.

भगवानराव त्या आकड्याकडे बघत होते. सूर्य हातभर खाली आला होता. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. मोजणी बरोबर म्हणावे, तर वाट विहिरीत; मग वळसा, डांबर, आणि पैज गेली. मोजणी चुकली म्हणावे, तर वाट तेहेतीस फूट पुढे, ज्ञानेश्वरच्या हरभऱ्यातून सरळ अमडापूरकडे; पण मग एकतीस वर्षे गेली. अशा पेचात माणसाने काय करावे, याचे कलम सतरांपैकी एकातही नव्हते.

ज्ञानेश्वर समोर येऊन उभा राहिला. "बोला साहेब. तुमी म्हनाल तसं."

भगवानरावांनी सायकलीच्या चाकाकडे पाहिले. तीन दिवसांची लाल-काळी माती, गोखरू, गवत. डांबराचा कण नाही. त्यांनी घसा साफ केला.

"एक साखळी," ते म्हणाले, "कमी लागली. चूक माझी आहे."

पुढचे सगळे इतके झपाट्याने झाले की त्यांना दुःख करायला अवकाश मिळाला नाही. कुणीतरी वहीचे पान फाडले, त्यांच्याकडून तेच वाक्य लिहून आणि सही करून घेतले. ज्ञानेश्वरने दिल्या शब्दाला जागून हरभऱ्यातून सायकल जाईल एवढी वाट स्वतःच्या विळ्याने कापून दिली, पीक निघाल्यावर गाडीपुरती करतो म्हणाला, आणि कापलेला हरभरा मंजुश्रीच्या पिशवीत कोंबला. सोजराबाईंनी सकाळचे रोडगे बांधून दिले. तीस वर्षांनी त्या वाटेवरून पहिली वर्दळ गेली ती चार सायकलींची, आणि मागे सारे निंबखेड ओरडत धावत होते. भगवानरावांनी असे पायडल मारले की प्रसेनजितलाही त्यांना गाठता येईना. अमडापूरच्या वेशीत शिरले तेव्हा सूर्याची कड अजून शिल्लक होती. चाके तपासली. डांबर नाही! पैज जिंकली! किसनरावांनी मनापासून अभिनंदन केले, हातात हात घेतला, आणि त्या वहीच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो नीट आला आहे ना, एवढे हळूच बघून घेतले.

परतीचा प्रवास एसटीच्या टपावर सायकली टाकून झाला. टपाविषयी नियमात काही म्हटलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानराव अंगणात आले, तेव्हा शेवग्याला शेंगा लोंबत होत्या आणि भिंतीच्या पलीकडे किसनराव टेप घेऊन उभे होते.

"राम राम," किसनराव म्हणाले. "आपली ही भिंत तुमी त्याच आठवड्यात मोजली होती, नाही का? निंबखेडहून आल्यावर?"

भगवानरावांची नजर टेपवरून शेवग्याकडे गेली.

"मले एवढंच पुसाचं होतं," किसनराव अतिशय आदराने म्हणाले, "का तवा सळया दहा होत्या, का नऊ?"

भगवानराव घरात गेले. स्वयंपाकघरात सरस्वतीबाई आमटीला फोडणी देत होत्या. मागे न वळताच त्यांनी नवऱ्याला सांगितले की झाडाच्या चार शेंगा काढून आणा.

"आणतो," भगवानराव म्हणाले. "पण आधी किसनरावांना विचारून ये."